अनुमोदक

आयर्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळात अकरा वर्षं अध्यक्ष निवडला जात नव्हता, तो ठरत होता. चहा पिताना चारजण एकमेकांकडे बघायचे, सगळे “नको नको” म्हणायचे, आणि जो सगळ्यांत कमी वेळा नको म्हणेल त्याच्या गळ्यात माळ पडायची. २०१६च्या डिसेंबरात पहिल्यांदाच दोन उमेदवार उभे राहिले. आता मतमोजणी कुणी करायची, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. भार्गवी औषधाच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, भार्गवीकडून चूक होत नाही, असं सगळ्यांचं मत. मलाही ते मनापासून पटलेलं होतं, म्हणून तर हे सगळं सांगायची वेळ आली.

उमेदवारांपैकी एक इंद्रनील. सँडीफोर्डला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. डब्लिनमधल्या निम्म्या मराठी घरांचा सोफा त्याने कधी ना कधी जिन्यावरून चढवला असेल. २०१०मध्ये भर बर्फात आम्ही इथे उतरलो, तेव्हा घर मिळेपर्यंत पाच आठवडे त्याने आम्हाला ठेवून घेतलं होतं. त्यात आमची पाच वर्षांची क्षितिजा, तिला कांजिण्या. त्याच्या बायकोने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. असल्या माणसाच्या विरुद्ध जायचा विचार मनात आला तरी लाज वाटते.

दुसरी संध्या, शॅननची. तिथल्या एका मेडिकल डिव्हाइसच्या प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. शॅनन आणि त्याच्या आसपासची पंचवीस-तीस घरं मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला सव्वादोन-अडीच तास गाडी चालवत डब्लिनला येतात, उभ्या उभ्या पुलाव खातात आणि पोरं पेंगायच्या आत परत निघतात. संध्याचं म्हणणं एवढंच होतं, की वर्षातला एक तरी कार्यक्रम तिकडे करा. हे ती पाच वर्षं सांगत होती आणि आम्ही पाच वर्षं “बघू” म्हणत होतो. शेवटी ती उभीच राहिली. मला ती फारशी आवडत नव्हती, हेही सांगून टाकते. फोनवर कशी आहेस, काय चाललंय, असलं काही नाही, थेट कामाचं बोलायची.

मतदान मोबाईलवरून झालं. एकतीस डिसेंबरला मी मोजलं. इंद्रनील चौऱ्याहत्तर, संध्या एकाहत्तर. आकडे मी कार्यकारिणीतल्या बाकीच्या पाचजणांना कळवले. रविवारी, आठ जानेवारीला बैठकीत निकालाला मान्यता द्यायची आणि पुढच्या शनिवारी संक्रांतीच्या कार्यक्रमात तो जाहीर करायचा, असं ठरलं. खरं तर सगळ्यांना तो कळलेलाच होता.

सहा जानेवारीला, शुक्रवारी, मी अर्धी रजा घेतली. इथे त्या दिवशी बायकांचा नाताळ असतो. बायका बाहेर पडतात आणि घर पुरुष सांभाळतात. माझ्याबरोबरच्या सगळ्याजणी पबमध्ये गेल्या. मी घरी येऊन नवऱ्याला, ज्ञानेशला, खिचडी टाकायला सांगितली. त्याने हा सण फारसा मनावर घेतला नव्हता, पण निमूटपणे कांदा चिरायला बसला. तेवढ्यात नागपूरहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या गणपतीला आमच्याकडे होत्या, व्हिसाचे नव्वद दिवस भरत आले तशा नोव्हेंबरअखेर परत गेल्या होत्या.

“काय वं भार्गवी, इंद्रनील जितला म्हन्ते?”

“हो आई. तुम्हाला बरं कळलं!”

“ज्ञानेशनं सांगतलं न. बरं झालं बाई. मी बी त्यालेच मत देलं होतं.”

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले. “ते कसं काय दिलंत?”

“आता कसं देतेत? मोबाईलवर आलं होतं न तुह्या मंडळाचं. नाव पाहिलं, बटन दाबलं. थो पोरगा मले इमानतळावर सोडाले आला होता, माही बॅग उचलली त्यानं. मंग मत नाही देऊ काय त्याले?”

त्या इतक्या खुशीत होत्या की मी पुढे काही बोललेच नाही. फोन ठेवला. खिचडीला फोडणी बसत होती आणि मी वर जाऊन लॅपटॉप उघडला.

आमच्या मंडळात धड अशी एकच यादी असते, ती म्हणजे गणपतीच्या जेवणाची. एकूण किती पानं, कुणाचा उपास, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, सगळं त्यात असतं, फोन नंबरांसकट. सभासदांच्या नोंदवहीत कॅनडाला निघून गेलेल्यांचीही नावं आहेत, तिला कुणी हात लावत नाही. म्हणून मतदारयादी करताना मी ही जेवणाची यादी घेतली, लहान मुलं वगळली आणि सगळ्यांना लिंक पाठवून दिली. मुलं वगळली, पण गणपतीला जेवायला आलेले पाहुणे आईबाप तसेच राहिले. अकराजण होते. मत कुणाला दिलं ते मला दिसत नव्हतं, पण कुणी दिलं ते दिसत होतं. अकरापैकी सहाजणांनी दिलं होतं, नागपूरहून, ठाण्याहून, सांगलीहून. आणि फरक तीन मतांचा होता.

मी यादी चार वेळा तपासली. चारही वेळा सहाच आले.

खाली आले तर ज्ञानेश टीव्हीसमोर. त्याची कंपनी अमेरिकन, त्यामुळे नोव्हेंबरपासून त्याला तिकडच्या राजकारणाचं वेड लागलं होतं. वॉशिंग्टनमध्ये दोन्ही सभागृहं एकत्र बसून अध्यक्षपदाच्या निवडणुकीची एकेका राज्याची मतं मोजत होती. मध्येच खालच्या सभागृहातला एखादा सदस्य उठायचा, माझी हरकत आहे म्हणायचा. अध्यक्षस्थानावरून विचारणा व्हायची, हरकतीवर सिनेटरची सही आहे का? नाही. मग बसा. पुढचं राज्य. असं किती वेळा झालं. एकीने तर भर सभागृहात विचारलं, सही करायला एकही सिनेटर नाही का? कुणीही हललं नाही.

“बघ,” ज्ञानेश म्हणाला, “एवढे मोठे लोक, पण एकानेही सही केली नाही. का? कारण उपयोग नाही. निकाल लागला की लागला. उगाच घोळ घालून काय मिळतं?”

मी त्याला यादीचं सांगितलं. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला.

“कुणाला माहितीये हे?”

“मला. आणि आता तुला.”

“मग झाकली मूठ सव्वा लाखाची. भार्गवी, ती सहा मतं कुणाला गेली तुला तरी माहितीये का? आईचं एक सोडलं तर? संध्यालाही गेली असतील. आणि इंद्रनीलला काय सांगणार आहेस? की तुझी अध्यक्षगिरी माझ्या सासूने फुकट घालवली? इट्स ग्रँड, सोडून दे.”

मला त्याचा राग आला, कारण तो जे बोलत होता ते सगळं मी जिना उतरताना स्वतःला सांगितलं होतं.

आदल्याच दिवशी कारखान्यात मी डेक्लनला झापलं होतं. पन्नाशीचा माणूस, तीस वर्षं काम केलेला. त्याने तापमानाच्या नोंदीत एक आकडा गिरवून बदलला होता. आमच्याकडे चूक झाली तर आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. मी त्याला म्हटलं होतं, चूक झाली म्हणून कुणी फाशी देत नाही, लपवली तर माझ्याकडे दया नाही. बिचारा खाली मान घालून ऐकत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

शनिवारी माझं कशात लक्ष लागेना. आम्ही ॲडम्सटाउनला राहतो, मी विनाकारण स्टेशनपर्यंत चालत गेले आणि परत आले. घरी येऊन किराणा ठेवायचं कपाट रिकामं केलं, पुसलं, भरलं आणि पुन्हा रिकामं करायला घेतलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आईला मॅम. क्षितिजा माझ्याकडे बघत होती. “मॅम, यू'व्ह क्लीन्ड दॅट प्रेस ट्वाइस नाउ. आर यू ओके, लाइक?” मी तिला म्हटलं, तू अभ्यास कर.

दुपारी प्रल्हाददादांचा फोन आला. प्रल्हाददादा म्हणजे मंडळाची घटना लिहिणारा माणूस. प्रत्येक सभेत हरकत घेतात, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना हरकतनारायण म्हणतात. मीही म्हणते.

“भार्गवी, मी सगळ्यांना फोन करून सभासद मोजले. एकशे शेहेचाळीस आहेत. मतं पडली एकशे पंचेचाळीस. आणि मत दिलं नाही असं मला स्वतःहून सांगणारे चारजण आहेत. मग ही मतं आली कुठून?”

“त्या चौघांना तसं लिहून द्यायला सांगा ना.”

“सांगितलं. म्हणतात, जाऊ द्या ना दादा, कशाला.” ते थकल्यासारखे वाटले. “मी उद्या लेखी हरकत मांडतोय. निकाल फिरेल म्हणून नाही गं. निदान आपल्याला शंका आली होती एवढं तरी कागदावर राहील. पण अनुमोदक लागतो. कार्यकारिणीतलाच. तू एकदा यादी ताडून बघशील? तुला काही सापडलं नाही तर मी गप्प बसेन, शब्द देतो.”

“बघते,” मी म्हटलं.

बघून चोवीस तास होत आले होते. फोन ठेवल्यावर मी सिंकपाशी जाऊन तोंड धुतलं. मला स्वतःची शिसारी आली होती. तरीही संध्याकाळी मी त्यांना मेसेज केला, ‘मोजणी बरोबर आहे.’ त्यात खोटं काही नव्हतं. मोजणी बरोबरच होती, यादी चुकीची होती. असली हुशारी डेक्लनने केली असती तर मी त्याला दारातून आत घेतलं नसतं.

रविवारी अकरा वाजता बैठक मावळते अध्यक्ष चंद्रहासदादांच्या घरी होती, आमच्यापासून चार गल्ल्यांवर. चंद्रहासदादा शांतताप्रिय माणूस. वाद दिसला की ते खाण्याची बशी पुढे करतात. दोन्ही उमेदवारांनाही त्यांनी बोलावलं होतं, म्हणजे निकालपत्रावर दोघांच्या सह्या होतील आणि कुणाच्या मनात काही राहायचं नाही. इंद्रनील आला तो हसत, माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, “काय निवडणूक आयुक्त, झोपबिप झाली का?” संध्या कोट न काढताच खुर्चीच्या कडेवर बसली. ती अंधारातच शॅननहून निघाली होती. चहाला नको म्हणाली.

“पुढच्या शनिवारी तिळगूळ वाटायचाय,” चंद्रहासदादा म्हणाले, “तेव्हा सगळं गोडीगुलाबीने करूया. प्रल्हाद, तुझं काही आहे म्हणे.”

प्रल्हाददादा उभे राहिले. बसून बोलले असते तरी चाललं असतं, पण ते उभे राहिले आणि त्यांनी कागद वाचला. सभासद इतके, मतं इतकी, अमुकजणांनी मत न दिल्याचं तोंडी सांगितलं, सबब या निकालाला माझी हरकत आहे. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या मेसेजवर त्यांनी विश्वास ठेवला नव्हता, की ठेवूनही हरकत मांडायची म्हणून मांडली, मला अजून माहीत नाही.

“अनुमोदक?” चंद्रहासदादांनी विचारलं.

माझ्यासमोर चिवड्याची बशी होती. त्यातले शेंगदाणे मी मोजत होते. मला आत्ता बोलायचं होतं. मी खरंच तोंड उघडलं. मग इंद्रनीलकडे लक्ष गेलं. तो मोबाईलवर कुणाला तरी काहीतरी लिहीत होता, मजेत, आणि मला ते पाच आठवडे आठवले, कांजिण्या आठवल्या, त्याच्या बायकोने रात्रंदिवस चालू ठेवलेला हीटर आठवला. आणि खोटं कशाला सांगू, त्याहीपेक्षा जास्त मला हे दिसलं, की उद्यापासून लोक म्हणतील, भार्गवीने जेवणाच्या यादीवर निवडणूक घेतली. लोक हसतील. मी मिठाची गुळणी धरून बसले.

“अनुमोदक कुणी? नाही? बरं. अनुमोदन नाही, त्यामुळे हरकत दाखल होत नाही. विषय संपला.” त्यांनी बशी प्रल्हाददादांच्या पुढे सरकवली. दादांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि एक शेव उचलली. मग निकालपत्र फिरायला लागलं. इंद्रनीलने सही केली. कागद संध्याकडे गेला.

“मला एक बोलायचंय,” संध्या म्हणाली. पेन तिच्या हातात होतं. “काल आमच्या शॅननच्या ग्रुपवर बरीच आदळआपट झाली. डब्लिनवाल्यांनी गडबड केली, आपण वेगळं मंडळ काढू, वगैरे. मी त्यांना म्हटलं, मोजणी कुणी केलीय? भार्गवीने. बाई आखडू असेल, पण एक मत इकडचं तिकडे करणार नाही. मग मी हरले. झालं. सगळे गप्प बसले.” माझ्याकडे बघून ती किंचित हसली. मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. “आज सगळे एकाच घरी जमलेत जेवायला. निकालावर सही केली की फोन करते म्हटलंय.”

आणि ती सहीला वाकली.

“सही करू नकोस,” मी म्हटलं.

माझा आवाज मोठा आला असावा, कारण आतून चंद्रहासदादांची बायको डोकावली. मी सांगितलं. जेवणाची यादी, अकरा पाहुणे, सहा मतं, त्यातलं एक माझ्या सासूचं. “प्रल्हाददादांच्या हरकतीला माझं अनुमोदन आहे,” मी म्हटलं.

इंद्रनील मोठ्याने हसला, “म्हणजे मला सांगलीतून मतं पडली?” आणि मध्येच त्याचं हसू थांबलं. त्याने संध्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “अगं, मला फोन करायचास ना.” तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

“हे म्हणजे वरातीमागून घोडं,” चंद्रहासदादा वैतागले होते. मी त्यांना कधी वैतागलेलं पाहिलं नव्हतं. “हरकतीचा विषय संपलाय. आता अनुमोदन कसं घ्यायचं? प्रल्हाद, तूच सांग, नियम काय आहे?”

प्रल्हाददादांनी खिशातला घडी घातलेला कागद चाचपला. नियम त्यांनीच लिहिला होता. या खोलीत हा निकाल रद्द व्हावा असं त्यांच्याइतकं कुणालाच वाटत नसेल.

“पुकारा झाल्यावर अनुमोदन नसेल तर हरकत पडते,” ते म्हणाले. “ती पुन्हा घेता येत नाही. निकाल कायम.”

“दादा!” मी म्हटलं.

“मी दोन मिनिटं उभा होतो गं,” ते म्हणाले. “कागद हातात घेऊन.”

संध्याने पेनला टोपण लावलं. “तुला कधी कळलं?” तिने विचारलं.

“शुक्रवारी.”

तिने फक्त मान हलवली, निकालपत्र सही न करता टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडली. मी बूट घालायला गेले, ते सापडेनात, शेवटी कुणाच्या तरी मोठ्या बुटांत पाय घालून तिच्या मागे धावले. ती गाडीत बसत होती.

“संध्या, मी लेखी देते. सगळ्या ग्रुपवर टाकते. फेरमतदान घ्यायला लावते, इंद्रनील नाही म्हणायचा नाही, मी त्याला ओळखते.”

“ते तू बघ.” ती ओरडली नाही. “मी त्यांना काय सांगू ते सांग. काल तासभर तुझ्या नावाने भांडले मी माझ्या माणसांशी. अडीच तास गाडी चालवत जाऊन त्यांच्या तोंडाकडे बघून मी काय सांगू?”

तिने फोन काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडे भांडी वाजत होती, लहान मुलं ओरडत होती. मग कुणीतरी म्हणालं, “ए गप्प बसा रे, संध्याचा फोन आहे,” आणि आवाज थांबले. पंधरा-वीस माणसं ऐकत असावीत.

“बोल गं. केलीस सही?”

“संध्या नाही, मी भार्गवी बोलतेय,” मी म्हटलं. “संध्याने सही केलेली नाही. मतदारयादी मी चुकीची केली होती. मत द्यायचा हक्क नसलेल्या सहाजणांची मतं त्यात मोजली गेली.”

चूक सांगून झाली होती. खरं तर एवढ्यावर फोन परत देता आला असता, आणि संध्याने हातही पुढे केला होता.

“आणि मला हे शुक्रवारपासून माहीत होतं,” मी म्हटलं.